बी.ए. ऑनर्सचं चौथं वर्ष: संधी कुठे आहेत आणि तयारी कधीपासून करायची

राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांनी नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून लागू केलं, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. म्हणजे पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष जून २०२६ पासून येतं आणि दुसऱ्या तुकडीचं त्यानंतर वर्षभराने. पुण्यात कला शाखेचं मूल असलेल्या घरांत त्यामुळे एकच चर्चा आहे: तीन वर्षांत पदवी घेऊन मोकळं व्हायचं, की चौथं वर्ष करायचं? आणि केलं तर त्यातून हाती काय लागतं?

हाती बरंच लागतं. पण त्यातल्या बहुतेक गोष्टी चौथ्या वर्षात शिरल्यावर शोधायला गेलं तर उशीर झालेला असतो. कुठल्या संधीची पात्रता कुठल्या सत्रात ठरते हे एकदा कळलं, की हा सगळा गुंता बराच सुटतो.

आधी शब्द समजून घेऊ

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय: इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जो असेल तो. मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय. क्रेडिट हे कामाचं माप आहे. वर्गातल्या तासांचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिक, प्रकल्प किंवा इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट झाली की साधी पदवी, चार वर्षांत किमान १६० झाली की ऑनर्स.

ऑनर्सचे दोन प्रकार आहेत आणि इथेच सगळे गोंधळतात. पहिला साधा ऑनर्स: चौथ्या वर्षी मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर आणि जोडीला ऑन जॉब ट्रेनिंग. दुसरा संशोधनासह ऑनर्स: काही पेपर कमी, त्यांच्या जागी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आणि त्यावरचा प्रबंध. दोन्हींनंतर एम.ए. एका वर्षात करता येतं. म्हणजे तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, एम.ए.पर्यंतची एकूण वर्षं पाचच. 'एक वर्ष वाया जातं' ही भीती एम.ए. करणाऱ्यांनी तरी मनातून काढून टाकावी.

७५ टक्क्यांची अट दोनदा आडवी येते

संशोधनासह ऑनर्सला प्रवेश हवा असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. ही पहिली अट. दुसरी पुढे येते: चार वर्षांच्या पदवीवर एम.ए. न करता थेट पीएच.डी.ला जायचं किंवा नेटला, म्हणजे पीएच.डी. प्रवेश आणि संशोधन पाठ्यवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसायचं असेल, तर आठही सत्रांच्या एकूण निकालात ७५ टक्के हवेत. या दुसऱ्या अटीसाठी साधा ऑनर्सही चालतो. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांना तिथे ५ टक्क्यांची सवलत आहे. सहाव्या सत्राअखेर ७६ टक्के असलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी घसरला, तर प्रबंध पूर्ण होऊनही थेट पीएच.डी.चं दार त्याला बंद होतं.

आता आकडेमोड बघा. १० गुणांच्या श्रेणीत ७.५ ची सरासरी हवी आहे असं धरू. पहिल्या चार सत्रांची सरासरी ७.२ असेल, तर पाचव्या आणि सहाव्या सत्रात सरासरी ८.१ मिळवावी लागते. मिळवता येते. तीच सरासरी ६.८ असेल तर शेवटच्या दोन सत्रांत ८.९ लागेल, आणि कला शाखेत ते फार थोड्यांना जमतं. म्हणून पहिल्या वर्षाचे पर्यावरण, मूल्यशिक्षण, भाषा यांसारखे 'बाजूचे' पेपर सोडून दिल्यासारखे लिहू नयेत. क्रेडिटच्या हिशेबात तेही मोजले जातात, आणि खरं तर गुण तिथेच सहज मिळतात.

बारा क्रेडिट म्हणजे नेमकं किती काम?

एका क्रेडिटचे ३० तास धरले तर १२ क्रेडिटचे ३६० तास होतात. १५-१५ आठवड्यांच्या दोन सत्रांत ते वाटले की आठवड्याला १२ तास, बाकीचे पेपर सांभाळून. विषय निवडताना हा आकडा समोर ठेवला नाही, की फेब्रुवारीत धावाधाव ठरलेली.

'पुण्यातील स्त्रीशिक्षण', 'पेशवेकालीन समाज', 'मराठी नाटकाची वाटचाल' हे विषय ३६० तासांत मावत नाहीत. मावणारा विषय कसा असतो? '१८९७ च्या फेब्रुवारी ते जून या काळातली केसरीतील प्लेगची बातमीदारी' असा. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, म्हणजे वीसेक अंक. ते नीट वाचून, नोंदी करून, त्यांची त्या काळातल्या सरकारी कागदांशी तुलना करायला वेळ पुरतो. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे विषयाच्या नावातच ठरलेलं आहे.

दुसरं उदाहरण समाजशास्त्राचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पूरग्रस्तांचं पुनर्वसन गोखलेनगरसारख्या वसाहतींत झालं. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम आत्ता झालं नाही तर पुढे होणारच नाही, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला ते पेलण्यासारखं आहे. हिशेब असा: तासाभराच्या १२ मुलाखती धरा. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला सहज पाच-सहा तास जातात, म्हणजे ६० ते ७० तास नुसतं उतरवण्यातच गेले. माणसं शोधणं, दोनदा भेटणं आणि त्यांची लेखी संमती घेणं यात आणखी ५० तास. विश्लेषण आणि लेखनाला मग दोनशेहून जास्त तास उरतात, आणि ते पुरेसे आहेत. बाराऐवजी चाळीस मुलाखती ठरवल्या तर उतरवण्यातच वर्ष संपेल.

संमतिपत्र मुलाखतीच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. 'तुमचं नाव छापू का, आवाज जपून ठेवू का, कधीही नाही म्हणू शकता' एवढ्या तीन गोष्टी त्यात मराठीत, मोठ्या अक्षरात असाव्यात. आजी-आजोबांना चष्मा शोधायला लावणारा बारीक टाइप नको.

वाङ्मयचौर्याची तपासणीही गृहीत धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत मात्र प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. बहुतेकांचा घात होतो तो नोंदी काढताना. पुस्तकातलं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलेलं असतं, अवतरणचिन्हं आणि पानाचा आकडा लिहायचा राहिलेला असतो, आणि चार महिन्यांनी ते आपलंच वाक्य वाटू लागतं.

पुण्यात कच्चा माल कुठे आहे

या बाबतीत पुण्याच्या विद्यार्थ्यासारखा नशीबवान विद्यार्थी देशात क्वचित सापडेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून हस्तलिखितं सांभाळतंय. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र, शिवाय १९४८ पासून चालू असलेला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. सिनेमावर काम करणाऱ्यासाठी १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. विद्यापीठाच्या आवारात जयकर ग्रंथालय. हे सगळं एका शहरात, पीएमपीच्या तिकिटात.

पण पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचं पेशवे दफ्तर, याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तिथले कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात, त्यांना रुमाल म्हणतात. एका रुमालात शेकडो सुटे कागद: जमाखर्च, पत्रं, न्यायनिवाडे. यादीत रुमालाचा विषय ढोबळच लिहिलेला असतो, त्यामुळे हवा तो कागद पहिल्याच दिवशी मिळत नाही. महाविद्यालयाचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि एका परिच्छेदात लिहिलेला विषय घेऊन जा. 'मराठा इतिहास' एवढंच लिहिलं तर तिथले कर्मचारीही मदत करू शकत नाहीत. 'पुणे शहरातील कोतवालीचे कागद' असं लिहिलं तर करू शकतात.

आणि मोडी यायला हवी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलून अक्षरं तिला टांगत जातात. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे नवखा वाचक प्रत्येक अक्षर ओळखतो, पण शब्द कुठे तुटतो ते त्याला कळत नाही. याला सरावाशिवाय उपाय नाही. इतिहास मेजर असेल तर मोडीचा वर्ग दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत करा. भारत इतिहास संशोधक मंडळात असे वर्ग होत आले आहेत. चौथ्या वर्षी मोडी शिकता शिकता मोडी कागदांवर प्रबंध लिहिणं जमत नाही.

मराठी किंवा भाषा विषयाच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. मराठी मेजरसोबत प्राकृतची तोंडओळख असलेला विद्यार्थी आज दुर्मीळ आहे. ती तयारी करायला पुण्याइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. परकीय भाषांसाठी विद्यापीठाचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि पदवी करता करता अर्धवेळ प्रमाणपत्र घेणं शक्य असतं.

इंटर्नशिप: काम करूनही क्रेडिट का बुडतात

४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे १२० तास. कला शाखेला कोण घेणार, हा नेहमीचा प्रश्न. प्रकाशनसंस्था मुद्रितशोधनाला आणि अनुवादाला घेतात, वृत्तपत्रं आणि वेब माध्यमं घेतात, सामाजिक संस्था सर्वेक्षणाला घेतात, संग्रहालयांना नोंदणीसाठी हात हवे असतात. दिल्लीत नीती आयोगाची इंटर्नशिप दुसरं वर्ष पूर्ण केलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही असते. मात्र ती बिनपगारी आहे, तेव्हा राहण्या-खाण्याचा खर्च आधी मांडून बघा.

अडचण काम मिळण्यात कमी आणि कागदात जास्त येते. 'कुमारी अमुक यांनी आमच्या संस्थेत उत्तम सहकार्य केले' या पत्रावर क्रेडिट देता येत नाही. पत्रात पाच गोष्टी लागतात: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, नेमकं काम, देखरेख करणाऱ्याचं नाव व हुद्दा, आणि सही-शिक्का. सोबत रोजची नोंद: तारीख, वेळ, काय केलं. 'मुद्रितशोधन, पाने ४० ते ७५' एवढी नोंद पुरे. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि दर आठवड्याला सही घ्या. शेवटी एकगठ्ठा सह्या मागायला गेलात की नेमके साहेब रजेवर असतात. आणखी एक: रुजू होण्याआधी ती संस्था महाविद्यालयाला मान्य आहे, असं विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

वर्षभरात काय कधी येतं

जून-जुलैत सत्र सुरू होतं. परदेशी जायचा विचार असणाऱ्यांनी त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे बघावं. शिफारसपत्रं लिहायला प्राध्यापकांना महिनाभर तरी द्यावा लागतो, म्हणून त्यांना एप्रिलमध्येच विचारा. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक. नाटक करणाऱ्या मुलांचे ते दीड-दोन महिने त्यातच जातात आणि जावेतही. फक्त सातव्या सत्रात प्रबंधाचा आराखडाही त्याच काळात द्यायचा असतो, हे टीममधल्या चौथ्या वर्षाच्या मुलांनी धरून चालावं.

दिवाळीच्या आगेमागे 'आविष्कार' संशोधन स्पर्धेची हालचाल सुरू होते, आणि कला शाखेची मुलं नेमकी हीच संधी सोडतात. ही स्पर्धा २००६ पासून राज्यभरातल्या विद्यापीठांत होते. तिच्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला असा स्वतंत्र विभाग आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा आहे. महाविद्यालय, विभागीय फेरी, विद्यापीठ आणि मग आंतरविद्यापीठ असे टप्पे असतात. परीक्षक पोस्टरसमोर उभे राहून प्रश्न विचारतात. प्रबंधाचं काम अर्ध्यावर असताना परक्या माणसाने 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' असं विचारणं फार उपयोगी पडतं. विज्ञानाच्या मुलांची पोस्टर आलेखांनी भरलेली असतात म्हणून बिचकू नका. एका मूळ कागदाचा फोटो, त्याचं वाचन आणि त्यातून निघणारा एक निष्कर्ष एवढ्यावर चांगलं पोस्टर उभं राहतं.

नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांसाठी होते. केंद्रीय विद्यापीठांत एम.ए. करायचं तर पदव्युत्तर सीयूईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे प्रबंध लिहिण्याच्या ऐन घाईत. त्याची तयारी सातव्या सत्रातच उरका. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो. तिथे पुस्तकं घ्याच, पण प्रकाशकांच्या टेबलामागे संपादक स्वतः बसलेले असतात, त्यांच्याशी इंटर्नशिपचंही बोला. एप्रिल-मेमध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला. तिचा श्रोतृवर्ग वयाने मोठा असतो. पानशेतसारख्या विषयाला माणसं शोधायची तर याहून चांगली जागा नाही.

'पण आमच्या कॉलेजात संशोधनाचा पर्यायच नाही'

असं बऱ्याच ठिकाणी होणार आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात, आणि ते प्रत्येक महाविद्यालयात नाहीत. तेव्हा पाचव्या सत्रातच विभागप्रमुखांना दोन प्रश्न विचारा: आपल्याकडे चौथं वर्ष सुरू होणार का, आणि कुठल्या प्रकारचं? उत्तर 'बघू' असं आलं तर शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयांत चौथ्या वर्षाच्या प्रवेशाची चौकशी तेव्हाच सुरू करा. साधा ऑनर्स हाच पर्याय उरला तरी हिरमुसायचं कारण नाही. ७५ टक्के राखले तर नेट आणि पीएच.डी. त्यावरही खुली आहे.

'इंग्रजी कच्चं आहे, मग नेट कशी द्यायची?'

शंका खरी आहे. नेटचा पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. भाषाविषय सोडले तर दुसराही तसाच. पण सगळे प्रश्न बहुपर्यायी असतात, पहिल्या पेपरचे ५० आणि दुसऱ्याचे १००, एकूण तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इथे इंग्रजी लिहायची नसते, वाचून कळावी लागते. आपल्या विषयाच्या दोनेकशे संज्ञा मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी लिहिलेली वही तिसऱ्या वर्षी तयार केली, तर निम्मी भीती जाते. शिवाय चार वर्षांच्या पदवीवर नेट देताना ज्या विषयात पीएच.डी. करायची तोच विषय घेता येतो, पदवीचा मेजर वेगळा असला तरी.

फायदाही मोठा आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती हुकली तरी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या गटांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांतल्या पहिल्या दोघींची कार्यालयं पुण्यातच आहेत.

'त्यापेक्षा तीन वर्षांत पदवी घेऊन एमपीएससी करतो'

ध्येय पक्कं असेल तर तसंच करावं. लोकसेवा आयोगाला तीन वर्षांची पदवी चालते, बी.एड.ला चालते, बहुतेक सरकारी भरतीला चालते. केवळ 'ऑनर्स' हा शब्द गुणपत्रिकेवर यावा म्हणून वर्ष आणि फी घालवू नये. चौथं वर्ष घ्यावं ते एम.ए., पीएच.डी., अध्यापन, पत्रकारिता, धोरण-संशोधन असं काही डोक्यात असलेल्यांनी, किंवा एखाद्या विषयाने खरोखर पछाडलेल्यांनी. मधल्या वाटेवरच्यांसाठी राज्य सरकारसोबत काम करायला मिळणारी मुख्यमंत्री फेलोशिप आहे: पदवीला किमान ६० टक्के, वय २१ ते २६ आणि वर्षभराचा अनुभव. त्यांना तीन वर्षांनी बाहेर पडून कामाला लागणं जास्त सोयीचं.

आणि बाहेर पडलात म्हणून परतीची वाट तुटत नाही. मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. ही बँक म्हणजे पासबुक समजा: नोंद तुम्ही करत नाही, संस्था करते, आणि तिने केली नाही तर खात्यात काही दिसत नाही. खातं अपार, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी जोडलेलं असतं आणि डिजिलॉकरमध्ये बघता येतं. नोंद अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. आधारवर वडिलांचं नाव मधे, महाविद्यालयाच्या नोंदीत आडनाव आधी, असं झालं की जुळणी होत नाही. म्हणून प्रत्येक सत्राच्या निकालानंतर महिन्याभरात डिजिलॉकर उघडून गुणपत्रिकेतली क्रेडिट आणि तिथली क्रेडिट ताडून बघा. तफावत दिसली तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चौथ्या वर्षाला महाविद्यालय बदलायचं असेल, तर पहिल्या पाच सत्रांची ही जुळवाजुळव सहाव्या सत्राचा निकाल लागायच्या आधीच पुरी झालेली हवी.